गावचा फोन नंबर

(समुदाय रेडिओवर बचत गटांच्या कार्यक्रमात झालेलं भाषण)

कुणी भाकरी थापता थापता ऐकत असाल, कुणी गोठ्यात असाल, कुणी गटाच्या बैठकीला जमून एका मोबाइलभोवती बसल्या असाल.

मी बोलतेय ती मुंबईहून आलेली बाई. माझं माहेर जालना जिल्ह्यातलं. लग्न होऊन १९९८ साली मुंबईला गोवंडीत शिवाजीनगरला गेले, ती आजतागायत तिथंच. तिथल्या एका संस्थेत मी वस्ती कार्यकर्ती आहे. वस्ती कार्यकर्ती म्हणजे काय, हे मला माझ्या घरातसुद्धा नीट सांगता येत नाही. माझा मुलगा चौथीत होता तेव्हा शाळेत आईवडिलांचा व्यवसाय लिहायचा होता. त्यानं वडिलांपुढं लिहिलं ‘रिक्षा चालवतात’. माझ्यापुढं लिहिलं ‘फिरते’. बाईंनी मला बोलावून विचारलं, अहो, फिरते म्हणजे काय? मी म्हटलं, बाई, पोरगं खोटं बोललेलं नाही.

तर आज या फिरण्याबद्दल बोलायचं आहे. तुमच्यातल्या पुष्कळ जणींची लेक, बहीण, नणंद, भाची मुंबईला दिलेली असेल. ती फोनवर सांगते, ‘मी बरी आहे.’ ती जिथं राहते तिथलं मी तुम्हाला सांगणार आहे. आणि शेवटी तुमच्याकडं एक मागणं मागणार आहे.

आमचा भाग म्हणजे मुंबई महापालिकेचा एम पूर्व विभाग. गोवंडी, मानखुर्द, देवनार हे सगळं त्यात आलं. देवनारला कचऱ्याचा डोंगर आहे. डोंगर म्हणते ते शब्दशः. १९२७ सालापासून मुंबईचा कचरा तिथं पडतोय. पावसाळ्यात त्याच्यावर गवत उगवतं, तेव्हा लांबून पाहणाऱ्याला तो खराच डोंगर वाटतो. जानेवारी २०१६ मध्ये त्याला मोठी आग लागली होती. अख्ख्या मुंबईवर धूर पसरला, शाळांना सुट्टी द्यावी लागली, तेव्हा कुठं पेपरात आमच्या भागाचं नाव आलं. आम्ही तो धूर आधीही गिळत होतो आणि नंतरही गिळला.

आमच्याकडं गल्ल्यांना नावं कमी, नंबर जास्त. अमुक नंबरचा रोड, तमुक प्लॉट. बायकांची ओळखही तशीच पडते. ‘ती सहा नंबरवाली’, ‘ती मशिदीमागची’. घर म्हणजे बहुतेक ठिकाणी दहा बाय पंधराची एक खोली. त्यात मोरी, त्यात चूल म्हणजे गॅस, त्यात पाण्याचे ड्रम, वर पोटमाळा, आणि पुष्कळदा पोटमाळा भाड्यानं दुसऱ्याला दिलेला. खिडकी असलीच तर समोरच्याच्या भिंतीत उघडते. दिवसासुद्धा दिवा लावून बसावं लागतं. तुम्हाला गावात घर लहान असलं तरी ओसरी आहे, अंगण आहे, झाडाखाली बाज टाकता येते. आमच्याकडं आजारी माणसाला बाहेर बसवायचं म्हटलं तर बाहेर म्हणजे दीड हाताची गल्ली, मधून गटार.

आमच्या गल्लीत बीड-परभणीचे लोक आहेत, उत्तर प्रदेश-बिहारचे आहेत, तमिळ बोलणारे आहेत. बाप्ये नाक्यावर मजुरीला उभे राहतात, कुणी जरीच्या कारखान्यात सुई चालवतो, कुणी रिक्षा, कुणी भंगार. बायका कचऱ्यातून प्लास्टिक, काच, लोखंड वेचतात, घरकाम करतात, नाहीतर घरात बसून डझनावर मिळणारं काम करतात. दिवसभर मण्यांच्या माळा ओवायच्या आणि संध्याकाळी हातात मिळायचे ते चहा-साखरेपुरते.

माझा दिवस पाण्यापासून सुरू होतो. लाज वाटण्यासारखं काही नाही, समाजसेविकेलाही पाणी भरावं लागतं. पण मी पाण्याची रांग कधी चुकवत नाही, त्याला दुसरंही कारण आहे. आठ दिवस ऑफिसात बसून जे कळणार नाही ते रांगेत अर्ध्या तासात कळतं. कुणाच्या डोळ्याखाली निळं झालंय, कुणाचं पोट वर आलंय, कुणाची पोरगी शाळेच्या वेळेला हंडा घेऊन उभी आहे, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे रांगेत आज कोण नाही.

मग दहाच्या सुमाराला अंगणवाडी. अंगणवाडीताई पोरांचं वजन घेते, मी दंड मोजायची पट्टी घेऊन बसते. सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंतच्या पोराच्या दंडाला ती रंगीत पट्टी लावायची. साडेबारा सेंटिमीटरच्या वर असला तर हिरवा रंग, साडेअकरा ते साडेबारा म्हणजे पिवळा, साडेअकराच्या खाली लाल. लाल आला की त्याच दिवशी डॉक्टरकडं. आई म्हणते, ‘दीदी, खेळतंय की हे, याला काय झालंय?’ खेळतंय हे खरं असतं. पण पट्टीही खोटं बोलत नाही.

दुपारी कागद. मैत्रिणींनो, माझं निम्मं आयुष्य कागदात गेलं. रेशनकार्ड, आधार, जन्मदाखला, बँकेचं पासबुक. यातल्या दोन गोष्टी तुमच्याशी थेट संबंधित आहेत, म्हणून सांगते.

पहिलं, जन्मदाखला. आपल्याकडं पहिलं बाळंतपण माहेरी होतं. चांगली रीत आहे. पोरीला आईचा हात लागतो. पण बाळाची नोंद जिथं जन्म झाला तिथंच होते, मुंबईत नाही. २१ दिवसांच्या आत नोंद केली तर काही त्रास नाही. वर्ष उलटलं की दंडाधिकाऱ्यांच्या आदेशापर्यंत जावं लागतं. माझ्याकडं सात वर्षांचं पोर घेऊन बाई येते, शाळेत दाखला मागितला म्हणून, आणि तेव्हा कळतं की गावात नोंदच केलेली नाही. मग मजुरी बुडवून, तिकीट काढून गावाला जा. तर लेकीला बाळंतविडा देता, तसा जन्मदाखलाही तिच्या पिशवीत घालून द्या.

दुसरं, रेशन. अजून कित्येक जणींना वाटतं की कार्ड गावचं आहे म्हणजे धान्य गावातच मिळणार. आता तसं नाही. अन्नसुरक्षेच्या यादीत नाव असेल आणि कार्डाला आधार जोडलेलं असेल, तर देशातल्या कुठल्याही रेशन दुकानात अंगठा लावून धान्य मिळतं. घरातली दोन माणसं गावात आणि तीन मुंबईत असली, तर गावच्यांनी आपला वाटा गावात उचलावा, मुंबईच्यांनी मुंबईत. माणशी महिन्याला ५ किलो हे हक्काचं आहे. पण गावात कुणी सगळ्यांचं धान्य उचललं की इकडं मशीन म्हणतं, शिल्लक नाही. तेव्हा लेकीसुनेच्या वाट्याचं तेवढं तिच्यासाठी ठेवत जा.

संध्याकाळी भांडणं. भांडणं म्हणजे बायकांवर होणारी मारहाण, दारू, हुंडा, दुसरं लग्न, सोडून देणं. मी काही वकील नाही, पोलीस नाही. पण पोलीस ठाण्याची पायरी एकटीनं चढायला बाईला धीर लागतो, आणि दोघी असल्या की तो धीर निम्मा पुरतो. मुंबईत पोलिसांच्या आवारातच बायकांसाठी विशेष साहाय्य कक्ष १९८४ सालापासून आहे. आमच्या जवळच देवनारला टाटा समाज विज्ञान संस्था आहे, तिनं पोलिसांबरोबर तो सुरू केला. आता तसे कक्ष राज्यात जिल्ह्याजिल्ह्यात आहेत. तुमच्याही जिल्ह्यात चौकशी करा. १८१ हा बायकांचा मदतीचा नंबर आहे, पोरांसाठी १०९८, तातडीला ११२. पाठ करून ठेवा, भिंतीवर लिहून ठेवा.

त्याच टाटा संस्थेतली शिकणारी मुलं-मुली आमच्या वस्तीत कामाचा अनुभव घ्यायला येतात. पहिल्या वर्षी मला वाटायचं, या शिकलेल्या पोरी मला काय शिकवणार? पण एका पोरीनं मला वही ठेवायला शिकवलं. म्हणाली, ‘ताई, तुमच्या डोक्यात तीनशे घरं आहेत. तुम्ही आजारी पडलात तर ती घरं कुणाला सापडणार?’ तेव्हापासून मी वही ठेवते. एका घराला एक पान. आणि त्या वहीतल्या एका रिकाम्या जागेची गोष्ट मला आज सांगायची आहे. ती माझ्या चुकीची गोष्ट आहे.

२०१८ सालचा पावसाळा. पाण्याच्या रांगेत सहा नंबर रोडवरची एक सून आठ-दहा दिवस दिसली नाही. तिचं नाव सांगत नाही, तिला सहा नंबरवालीच म्हणू. परभणी जिल्ह्यातलं माहेर, वय बावीस, एक दोन वर्षांची मुलगी. नवरा नाक्यावरचा मजूर. मी घरी गेले. पोटमाळ्यावर पडून होती. खोकला होताच, संध्याकाळी ताप चढायचा, रात्री घामानं अंथरूण भिजायचं. अंगावरचं मांस पार उतरलं होतं. सासू म्हणाली, ‘काही नाही ओ, पोरीचं दूध तोडलं ना, त्याची कसकस आहे.’ मी विचारलं, ‘खोकला किती दिवस?’ ती स्वतःच हळूच म्हणाली, ‘आखाड लागायच्या आधीपासून.’

दोन आठवड्यांच्या वर खोकला म्हटलं की थुंकी तपासायचीच. दुसऱ्या दिवशी तिला घेऊन गेले. टीबी निघाला. आमच्या भागात टीबी फार. दाटीवाटीची घरं, वारा नाही, ऊन नाही, पोटात अन्न कमी. हा हवेतून पसरणारा आजार आहे, त्याला असं घर म्हणजे माहेरच.

ऑगस्टमध्ये गोळ्या सुरू झाल्या. साध्या टीबीला सहा महिने रोज गोळ्या घ्यायच्या. सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. त्याच वर्षी एप्रिलपासून सरकारनं टीबीच्या रुग्णाला खुराकासाठी महिन्याला ५०० रुपये खात्यात द्यायला सुरुवात केली होती. नोव्हेंबर २०२४ पासून ते १००० झाले. तिचं खातंच नव्हतं, ते उघडून दिलं. सासूनं तिचं ताट-वाटी वेगळी केली होती. मी रोज जाऊन सांगायची, ‘काकू, टीबी भांड्यानं पसरत नाही. तिला तोंडाला फडकं धरायला सांगा, दार उघडं ठेवा, पोरीला तपासून घ्या, आणि गोळ्या चुकवू देऊ नका.’ शेवटी एक दिवस मी तिच्याच ताटात माझा घास खाल्ला. त्यानंतर ताट एक झालं.

दोन महिन्यांत ताप गेला, खोकला गेला, पाच किलो वजन वाढलं. परत रांगेत दिसायला लागली. मला काय आनंद झाला म्हणून सांगू! आणि इथंच मी चुकले.

दिवाळी आली. ती म्हणाली, ‘दीदी, माहेरी जाऊन येते आठ दिवस.’ मी म्हटलं, जा. दवाखान्यातून पंधरा दिवसांच्या गोळ्या घेऊन दिल्या. माझ्या वहीत लिहिलं, ‘दिवाळीला गावी गेली, आठ दिवसांनी येणार.’ गावाचं नाव लिहिलं. फोन नंबर लिहिला नाही. तिच्याकडं स्वतःचा फोन नव्हता, नवऱ्याचा होता आणि नवरा मुंबईत. गावाला कुणाच्या फोनवर ती सापडेल, हे मी विचारलंच नाही. तिच्या माहेरच्यांना टीबीचं माहीत आहे का, हेही विचारलं नाही.

आठ दिवसांचे पंधरा झाले, महिना झाला. नवऱ्याला विचारलं तर म्हणाला, येईल. तिकडं कापूस वेचणी चालू होती, हात कमी होते, आईनं ठेवून घेतलं. आई तरी काय करणार? लेक चांगली दिसत होती, चार पैसे मिळत होते. आणि आईला ठाऊकच नव्हतं. सासरच्यांनी सांगितलं होतं, ‘छातीत कफ झाला होता.’ टीबी म्हटलं तर धाकट्या बहिणीचं लग्न मोडेल म्हणून सहा नंबरवालीनंही तोंड उघडलं नाही. गोळ्या संपल्या. आई म्हणाली, ‘बरी झालीस ना, मग कशाला? त्या गोळ्या उष्ण पडतात.’

संक्रांतीनंतर ती परत आली ती नवऱ्याच्या खांद्यावर डोकं टाकून. पुन्हा तपासणी केली. या वेळी डॉक्टरांनी मला बाजूला बोलावलं. नेहमीच्या औषधाला दाद न देणारा टीबी झाला होता. ते म्हणाले, ‘औषध मधेच सोडलं की कमकुवत जंतू मरतात, उरलेले निर्ढावतात.’ मी बाहेर येऊन बाकावर बसले. माझ्या हातात वही होती. त्या पानावर माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं, आठ दिवसांनी येणार.

मैत्रिणींनो, मला पुष्कळांनी समजावलं की तुझी काय चूक, तीच गेली, तिच्या आईनं ठेवून घेतलं. पण ती शिकलेली नव्हती, तिची आई शिकलेली नव्हती. शिकवलं होतं मला. मला माहीत होतं की गोळ्या मधे सोडल्या तर काय होतं. आणि मला हेही माहीत होतं की गावाला गेलेली बाई आपल्या मर्जीनं परत येत नसते. कुणी सोडलं तर येते.

पुढचा उपचार दीड वर्षाहून जास्त चालला. रोज मूठभर गोळ्या, आणि पहिले कित्येक महिने रोज इंजेक्शन. उलट्या व्हायच्या. कमरेला सुई टोचायला जागा उरली नव्हती. तिसऱ्या महिन्यात ती म्हणाली, ‘दीदी, कानात सारखी शिट्टी वाजते.’ त्या इंजेक्शनानं काही जणांच्या कानाला इजा होते. डॉक्टरांनी ते बदललं, पण तोवर उजव्या कानानं ऐकू येणं गेलं होतं. आता या आजाराला इंजेक्शनाशिवायचे उपचार आले आहेत, कमी मुदतीचेही आले आहेत. तिच्या वेळेला तिच्या वाट्याला ते आलं नाही.

त्यानंतर मी माझ्या वहीत प्रत्येक पानावर एक नवी ओळ आखली. ‘गावचा फोन नंबर.’ आणि तो कुणाचाही नाही चालत. मी बाईला विचारते, ‘तुझ्या गावात अशी कोण आहे, जिला सांगितलं तर तुझी बदनामी होणार नाही, आणि जी तुला रागावली तरी तुला राग येणार नाही?’ कुणी मामीचं नाव सांगते, कुणी आशाताईचं. सहा नंबरवालीनं विचार करून सांगितलं, ‘आमच्या घरामागच्या काकू आहेत. बचत गटाच्या सचिव आहेत. माझ्या आईला पण त्या रागावतात.’ मी त्या काकूंना फोन केला. पहिल्यांदा त्या घाबरल्या, मुंबईहून फोन म्हणजे काहीतरी वाईटच. मी सगळं सांगितलं. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, ‘ताई, तवाच सांगितलं असतं तर मीच नेली असती की तिला दवाखान्यात.’ एवढंच वाक्य. ते मी कधी विसरणार नाही.

आणि मग आला २०२०चा मार्च. टाळेबंदी. नाका बंद, मजुरी बंद. दहा बाय पंधराच्या खोलीत सहा माणसं दिवसरात्र. लोक चालत, ट्रकमध्ये, टेम्पोत बसून गावाला निघाले. मे महिन्यात सहा नंबरवालीच्या नवऱ्यानंही ठरवलं, जायचं. तिच्या गोळ्यांचे अजून पाच महिने बाकी होते.

या वेळी मी ‘जा’ म्हणून मोकळी झाले नाही. दवाखान्यातल्या टीबीच्या कर्मचाऱ्यांनी तिला महिन्याच्या गोळ्या दिल्या आणि तिचं नाव तिकडच्या तालुक्याला कळवलं. टीबीच्या प्रत्येक रुग्णाची नोंद ऑनलाइन असते, त्यामुळं गाव बदललं तरी औषध बदलत नाही, हे लक्षात ठेवा. आणि मी काकूंना फोन केला.

तुम्हाला आठवत असेल, तेव्हा मुंबईहून येणाऱ्याला गावात काय वागणूक मिळायची. तुमच्याही गावात वेशीवर काट्या टाकल्या असतील. भीती होती, मी कुणाला दोष देत नाही. या तिघांनाही चौदा दिवस शाळेत ठेवलं. आणि त्यात हिला खोकल्याचा आजार! पण काकूंनी आशाताईला आधीच सांगून ठेवलं होतं. त्या दोघी रोज संध्याकाळी शाळेच्या कुंपणापाशी यायच्या, लांब उभ्या राहायच्या, आणि ही त्यांच्यासमोर गोळ्या घ्यायची. काकू भाकरी-कालवण आणायच्या. पुढं महिन्याच्या गोळ्या तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयातून आणायच्या होत्या आणि एसटी बंद होती. काकू दुधाच्या गाडीतून गेल्या. एकदा नाही, एसटी सुरू होईपर्यंत दर महिन्याला.

तिच्या आईलाही त्यांनीच सांगितलं. आई आधी रडली, मग लेकीवर चिडली, मग स्वतःवर. धाकटीचं लग्न मोडलं नाही. ठरलं, झालं, आणि सहा नंबरवाली त्यात नाचलीसुद्धा. त्याच वर्षी दसऱ्याच्या सुमाराला तिच्या गोळ्या संपल्या. तपासणीत जंतू निघाले नाहीत.

आता ती परत शिवाजीनगरला आहे. मुलगी शाळेत जाते. ती माझ्याबरोबर कधी कधी घरभेटीला येते. नव्या रुग्णाला मी तासभर जे सांगते त्यापेक्षा तिनं केस मागं सारून आपला उजवा कान दाखवला की जास्त समजतं. फोनवर बोलताना ती फोन डाव्या कानाला लावते. मी हे रोज बघते. मला वाटतं, ते मी बघत राहावं हेही बरंच आहे.

सगळ्याच गोष्टी अशा संपत नाहीत. माझ्या वहीत अशी पानं आहेत ज्यांच्यावर मी शेवटची तारीख लिहिली आणि पान उलटलं. जरीकाम करणारा एकोणीस वर्षांचा पोरगा होता. गावाला गेला, त्याच्या पानावर नंबर होता, पण तो नंबर लागला नाही. नंबर असून भागत नाही, पलीकडं कुणीतरी उचलणारं लागतं.

म्हणून मी आज इथं आले. माझं मागणं एवढंच आहे की, पलीकडं तुम्ही असा.

तुमच्या गटात पंधरा-वीस बाया आहेत. पुढच्या बैठकीला हप्ते गोळा करून झाले की दहा मिनिटं काढा. कुणाकुणाची लेकबाळ, मुलगा, सून शहरात आहे ते मोजा. त्यांच्यातलं कुणी दिवाळीला, पंचमीला, लग्नाला गावी येईल. आलं की नेहमीसारखं पाणी द्या, चहा द्या, आणि एकदा विचारा, ‘कसली गोळी चालू आहे का गं?’ मोठ्यानं नको, चारचौघांत नको. चुलीपाशी, एकटीला. टीबीची असो, रक्तदाबाची असो, मिरगीची असो. किती दिवसांच्या आणल्यात ते विचारा. संपत आल्या असतील तर प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा आशाताईकडं तिला घेऊन जा. ‘बरी दिसतेस, मग कशाला’ हे वाक्य आपल्या तोंडून जाऊ देऊ नका. बरं दिसणं हा गोळ्यांचाच गुण असतो.

गावातच कुणाला दोन आठवड्यांच्या वर खोकला असेल, संध्याकाळी ताप येत असेल, वजन उतरत असेल, तर थुंकीची तपासणी करून घ्या. तपासणी फुकट, औषध फुकट. आणि आजार झाला म्हणून कुणाचं ताट वेगळं करू नका. माणूस जंतूनं जितका खचत नाही तितका वेगळ्या ताटानं खचतो.

आणि गटातली एक बाई निवडा, जिचा नंबर तुमच्या गावच्या शहरात गेलेल्या प्रत्येक लेकीजवळ असेल. जिला रात्रीअपरात्री फोन केला तरी ती ‘आता काय झालं’ न म्हणता ‘बोल’ म्हणेल. त्या काकूंना कुणी पगार दिला नाही. समाजसेविका म्हणून त्यांचं नाव कुठल्या कागदावर नाही. मला तरी थोडं मानधन मिळतं, ओळखपत्र गळ्यात आहे. पण सहा नंबरवालीला जगवायचं निम्मं काम मी गोवंडीत केलं आणि निम्मं त्यांनी दुधाच्या गाडीत बसून केलं.

लोक मला विचारतात, इतकी वर्षं फिरून काय बदललं? कचऱ्याचा डोंगर तिथंच आहे. पाण्याची रांगही आहे. मी मोठं काही बदललं असं म्हणणार नाही. मी देणारी बाई नाही, सोबत जाणारी बाई आहे. दवाखान्यात सोबत, रेशन ऑफिसात सोबत, पोलीस ठाण्यात सोबत. माझी सोबत गोवंडी स्टेशनापर्यंत चालते. पुढं गाडी सुटते, आणि तुमच्या गावच्या फाट्यावर ती लेक उतरते. तिथून पुढची सोबत तुमची.

आज रात्री जेवणं झाली की मुंबईच्या लेकीला एक फोन लावा. ‘बरी आहेस का’ असं विचारू नका, ती ‘बरी आहे’च म्हणणार. विचारा, ‘काय खाल्लंस? खोकला आहे का? पाणी कुठून भरतेस? आणि मला तुझ्या शेजारणीचा नंबर दे.’